चष्म्याचं दुकान आणि घरची माणसं

प्रिय पोरी,

माझं पत्र बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. आजारी आहे ते आपलं चष्म्याचं दुकान. समोर नवं चकचकीत दुकान उघडलंय आणि आपली जुनी गिऱ्हाइकं माझी नजर चुकवून तिकडे शिरतात. विकून टाकू या, असं हे म्हणायला लागलेत.

दोष समोरच्याचा नाही गं. परवा एका शिक्षिकेला ह्यांनी चष्मा उद्या देतो म्हणून सांगितलं, भाऊजींनी चार दिवस लागतील म्हटलं, आणि माझ्या चिरंजीवांनी काचाच मागवल्या नव्हत्या. नोकर असता तर कान उपटले असते. इथे कोणाला बोलणार? दुकानात बोललं की घरी जेवताना तोंडं फुगलेली. पण राबतात तिघंही जीव तोडून. भाऊजी तर तापाने फणफणत असताना काउंटरवर उभे होते. पगारी माणूस असा उभा राहील का?

तू दुकान सांभाळायचीस तेव्हा तुझा नियम होता, ज्याने शब्द दिला त्यानेच काम पुरं करायचं, मग तो सासरा असो की नवरा. ह्यांनाही तू काचा आणायला पिटाळलं होतंस. पाय आपटत गेले, पण गेले! तुमचा घटस्फोट झाला आणि नियमही बारगळला. तुमचं का बिनसलं ते मी तेव्हा विचारलं नाही, आताही विचारत नाही.

गेल्या आठवड्यात विकायची बोलणी निघाली तेव्हा चिरंजीवच म्हणाला, "आई, तिला बोलाव. संसार आम्हाला जमला नाही, पण दुकान तिच्याइतकं कोणालाच जमलं नाही." स्वतः मागे काचा घासायला बसतो म्हणतो. त्या कामात त्याचा हात कोणी धरणार नाही, हे तू जाणतेस. दोन दिवसांनी हेही हळूच म्हणाले, "येईल का ती?"

म्हणून हे पत्र. सून म्हणून नको, भागीदार म्हणून ये. निम्मं दुकान तुझं. आम्ही चुकलो तर बेधडक झाप. आमच्या रुसव्याफुगव्यांचा तुला त्रास नाही, कारण संध्याकाळी तू तुझ्या घरी जाणार. दुकानाला हेच हवंय. तू रोज अशी निघून जाशील ते माझ्या एकटीच्या जिवाला लागेल, पण माझं मी बघून घेईन.

तुझीच,
आई