पंख्यावरचा फोटो

हार्पर्स बेंड, मिसिसिपी
मंगळवार, ९ जून

आदरणीय मिस अर्लीन,

परवा रविवारी तर आपण भेटलो, आणि आज पत्र, म्हणजे तुम्ही धास्तावूनच चष्मा शोधला असणार. घाबरू नका, कुणी गेलेलं नाही. लुव्हेनियाची तब्येत आहे तशीच आहे. आठवड्यातून तीनदा बायकोला डायलिसिसला नेतो, येताना ती गाडीत झोपून जाते. तुम्ही दिलेल्या बटरबीन्स तिने दोन दिवस पुरवून खाल्ल्या, मला चमचाभरसुद्धा दिल्या नाहीत. तुमचे गुडघे कसे आहेत? नवीन गोळ्या जेवणानंतर घ्यायच्या, आधी नाही.

चर्चच्या पायऱ्या उतरताना माझा दंड धरून तुम्ही म्हणालात, "होसिया, तू त्याच कॉलेजात काम करतोस. माझ्या नातीचं नाव वर कुणी कळवलं, एवढं मला शोधून दे. मी त्याला काही करणार नाही. फक्त एकदा बघायचंय त्याच्याकडे."

मी "बघतो" म्हणालो. घरी आलो आणि जेवण गेलं नाही.

समोर बसून सांगायला गेलो की माझी जीभ उचलत नाही, म्हणून लिहितोय. तुम्हाला ठाऊक असलेलंच आधी लिहितो, कारण तेवढं लिहिताना हात चालतो.

टॅव्हियाचा फोटो आपल्या चर्चच्या डीकन लव्हेलनी स्वतःच्या पंख्यांवर छापला तो मागच्या उन्हाळ्यात. अंत्यविधीच्या धंद्यातला माणूस चर्चना पुठ्ठ्याचे पंखे फुकट वाटतो आणि मागे आपलं नाव-नंबर छापतो, हे त्यांच्या वडिलांपासून चालत आलेलं. पुढच्या बाजूला इतकी वर्षं एखादा धबधबा नाहीतर हात जोडलेलं मूल असायचं. आता बास्केटबॉलच्या जर्सीतली आपली पोर आली. बायका पंखा हलवायच्या सोडून बघतच बसायच्या. पलीकडच्या तालुक्यातली चर्चसुद्धा तेच पंखे मागायला लागली. टॅव्हियाने एक पैसा घेतला नव्हता. कॉलेजात मी स्वतः तिला विचारलं होतं, तेव्हा ती हसून म्हणाली, "मिस्टर ब्रँच, डीकननी मला पाळण्यात पाहिलंय. त्यांच्याकडून कसले पैसे घेऊ?" मी तसं लिहून ठेवलं. खेळाडूंना कुणी काय दिलं ते लिहून ठेवणं, याच कामाचा तर मला पगार मिळतो.

मग जानेवारीत तुमचे मिस्टर ओथा गेले. दफन झाल्यावर चर्चच्या तळघरात जेवणं चालू होती. तुम्ही पर्स उघडून डीकनना विचारलंत की हप्त्याने दिलं तर चालेल का. ते खुर्चीवरून उठले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ए बाई, ठेव ती पर्स! ओथाचं बिल? तुझ्या नातीने तिचा चेहरा माझ्या पंख्यांना दिला, त्यात सगळं फिटलं. आपला हिशेब बरोबरीत!" लोकांनी "आमेन" म्हटलं. तुम्ही रडलात. मीही रडलो.

त्यांनी नुसतं "राहू दे" म्हटलं असतं तर ती शेजारधर्माची मदत झाली असती. पण चारचौघांत, तुम्हाला मिंधं वाटू नये म्हणून, त्या भल्या माणसाने त्या मदतीला मोबदल्याचं रूप दिलं. खेळाडूच्या चेहऱ्याच्या बदल्यात काहीही मिळालं की तो करार होतो. तो पाच दिवसांत कळवायचा, आणि मोबदला बाजारभावाचा आहे की नाही ते कॉलेजांच्या खेळांचे नियम बघणाऱ्या संघटनेतले वरचे लोक ठरवणार. टॅव्हियाला हे सुचणं शक्य नव्हतं. आजोबांना मूठमाती देऊन आलेल्या पोरीला कसं सुचेल की आपण काहीतरी कमावलं!

त्या तळघरात हे कळणारा एकच माणूस होता.

मिस अर्लीन, मीच कळवलं.

खोडलं नाही ते वाक्य. दोनदा पेन टेकवलं होतं.

सहाव्या दिवशी मी फॉर्म भरला. स्वतःला सांगितलं की पुढेमागे बाहेरून फुटलं तर पोरींनी जिंकलेला प्रत्येक सामना पुसून टाकतील, बारा जणींचं नुकसान होईल. यात खोटं काही नाही. पण मला नोकरीचीही भीती वाटली होती, हेही खोटं नाही. नोकरी गेली तर विमा जातो, आणि विम्याशिवाय लुव्हेनिया महिनाभरसुद्धा काढणार नाही.

मला वाटलं होतं की ताकीद देतील आणि सोडतील. फोनवर चौकशी झाली. डीकन म्हणाले, "म्हातारा झालो, काय बोललो ते आठवत नाही." ते धडधडीत खोटं बोलले, तिच्यासाठी. नंतर मला विचारलं, तर मी त्यांचं वाक्य शब्द न शब्द सांगितलं, "हिशेब बरोबरीत" सकट. तेवढ्यावर थांबलो नाही. शाळेत असताना टॅव्हिया कॉलेज बघायला कुणाच्या गाडीतून आली होती, असं चौकशीवाल्यांनी विचारलं. डीकनच्या, असं मी सांगितलं. डीकन दरवर्षी कॉलेजच्या बँडला देणगी देतात, म्हणजे खेळाडू ओढून आणायला त्यांनी गाडीचं आमिष दाखवलं, असा दुसरा ठपका त्यातून निघाला. त्या गाडीची गोष्ट मला तुमच्याच स्वयंपाकघरात कळली होती. तुम्ही केक कापता कापता हसत सांगत होतात, की डीकननी वाटेत तीनदा रस्ता चुकवला.

निकाल तुम्हाला माहीत आहे. मिळालेला मोबदला परत करा, मग खेळा. निकाल कळवणाऱ्या बाईंना मी फोनवर विचारलं, "मॅडम, माणूस पुरलाय. परत काय करायचं?" त्या म्हणाल्या, "त्याची किंमत एखाद्या धर्मादाय संस्थेला भरली तरी चालेल." आवाज वाईट नव्हता त्यांचा. टॅव्हियाने मात्र साफ नकार दिला. "आजोबांची किंमत मी कुणाला भरणार नाही," म्हणाली. खेळ गेला, खेळामागून शिष्यवृत्ती गेली, आणि नर्सिंगचं शेवटचं वर्ष तसंच राहिलं. आता ती माशांच्या कारखान्यात उभी राहून कॅटफिश सोलते. तिची जागा प्रशिक्षकांनी एप्रिलमध्येच दुसऱ्या कॉलेजच्या मुलीला घेऊन भरली.

आता याहून वाईट आहे ते लिहितो. आमच्या फुटबॉलच्या पोराला एका मोटार विक्रेत्याने नवाकोरा ट्रक दिलाय. त्याने त्या दुकानासाठी जाहिरात तर सोडाच, साधा फोटोसुद्धा काढलेला नाही. पण त्याचा वकील आहे. वकिलाने नव्वद पानांचा करार पाठवला आणि आठवड्यात मंजुरी आली. ते कागद खोटे आहेत हे मला दिसत होतं. त्याबद्दल मला कुणी विचारलं नाही, म्हणून मी बोललो नाही. नियम मला अजूनही चूक वाटत नाही. पण तो मी कुणाला लावला? जिचे कागदच नव्हते तिला. जिच्या बाजूने बोलायला एक म्हातारी आणि एक डीकन होते तिला.

राजीनामा दिला, असं इथे लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. दिला नाही. देणारही नाही. उलट स्वतःहून कळवलं म्हणून कॉलेजचा दंड माफ झाला आणि वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली.

टॅव्हियाला सगळं माहीत आहे. फेब्रुवारीत ती लॉकरची किल्ली द्यायला माझ्या ऑफिसात आली. किल्ली टेबलावर ठेवली आणि उभीच राहिली.

"तळघरात तुम्ही होतात," ती म्हणाली.

मी मान हलवली.

"आजीला सांगू नका."

"टॅव्हिया, मला सांगायलाच हवं..."

"अजिबात नाही! तुम्हाला हलकं वाटावं म्हणून तिने का ऐकायचं? आजोबा गेल्यापासून तिला चर्चला कोण नेतं? गुडघ्याच्या डॉक्टरकडे कोण नेतं? माझ्याकडे गाडी आहे का? तुमचं नाव कळलं तर ती तुमच्या गाडीत पाय ठेवणार नाही आणि घरात बसून झिजेल. तुमचा फॉर्म भरून झालाय ना? आता निदान माझ्या आजीला गाडीतून न्या."

चार महिने ती हे पोटात ठेवून आहे. तुम्ही घरात त्या अज्ञात माणसाला बोल लावता तेव्हा ती तुमच्यासमोर बसून ऐकते, आणि रविवारी मी दारात आलो की मला "गुड मॉर्निंग" म्हणते. मिस अर्लीन, मला तिचं ते "गुड मॉर्निंग" आता ऐकवत नाही.

काल डीकनच्या सुनेला, ग्लिंडाला, भेटलो. येत्या रविवारपासून ती तुम्हाला साडेनऊला घ्यायला येईल, आणि दर महिन्याला डॉक्टरकडेही नेईल. तिने कारण विचारलं, मी सांगितलं नाही. म्हणजे आता टॅव्हियाला गप्प राहायची गरज उरली नाही, आणि तुम्हाला माझं तोंड बघायची.

तुम्ही म्हणाला होतात, त्याच्याकडे एकदा बघायचंय. मी दर मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी डायलिसिसच्या दवाखान्याबाहेर गाडीत बसलेला असतो. बारा ते चार.

माफी मागत नाही. ती द्यायची की नाही, या विचाराचं ओझंही तुमच्यावर नको.

ज्या हाताने त्या फॉर्मवर सही केली, त्याच हाताने,
होसिया ब्रँच