लिम आंटींचा लाल दोरा

३ मार्च २०१४, सोमवार
आमच्या दोघांचं इथलं री-एन्ट्री परमिट ३१ ला संपतं. जेवताना ह्यांनी सांगितलं, या वेळी रिन्यू करायचं नाही. कोथरूडचा फ्लॅट किती वर्षं बंद ठेवायचा? जहाजावरची नोकरी झाली, ऑफिस झालं, आता घरी जायचं. परमिट संपल्यावर देश सोडला की पी.आर., म्हणजे इथे कायम राहायचा हक्क, गेला. परत यायचं ते पाहुणे म्हणून.
मी ताक वाढलं.
समोरच्या फ्लॅटमधल्या चिनी लिम आंटी आज बाजाराला आल्या नाहीत. एकोणीस वर्षं रोज सकाळी साडेसहाला लिफ्टपाशी. उशीर झाला की बोलणी मलाच. "सो लेट, आंटी! फिश ऑल गॉन लाह!" मी मासे खात नाही हे माहीत असून. मग स्वतःच हसायच्या, "यू ईट ग्रास ओन्ली."

५ मार्च, बुधवार
लिम आंटी काल गेल्या. हृदय. मुलगी सू लिन दारात येऊन सांगून गेली. मी "ओके" म्हटलं.
कुकर लावला. तीन शिट्ट्या मोजल्या.

६ मार्च, गुरुवार
खाली व्हॉइड डेकमध्ये, इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, मांडव घातलाय. आंटींना तिथे ठेवून घरचे पाच दिवस बसणार. संध्याकाळी गेलो. गोल टेबलं, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, शेंगदाणे, गोळ्या. म्हातारे पत्ते खेळत होते. इथे नवीन होते तेव्हा वाईट वाटायचं हे बघून. आता नाही वाटत.
फोटो जुना लावलाय. केस काळे.
ताटलीत लाल दोरे ठेवले होते. एक घेतला. हात जोडून नमस्कार केला आणि मनगटाला बांधला. तासभर बसले. रडू आलं नाही. ह्यांचे डोळे मात्र ओले.

९ मार्च, रविवार
आंटींना नेलं. दुपारपर्यंत मांडव काढून जागा धुतलीसुद्धा. लगेच मुलं तिथे फुटबॉल खेळायला लागली.

१२ मार्च, बुधवार
लिफ्टमध्ये सू लिन भेटली. माझा हात बघून एकदम दचकली. "आंटी! व्हाय स्टिल वेअरिंग? मस्ट थ्रो बिफोर गो होम!"
दोरा घरी आणायचाच नसतो. तिथलं अशुभ अंगाला लागू नये म्हणून घ्यायचा आणि घरात शिरायच्या आधी वाटेत टाकून द्यायचा. मी सहा दिवस मनगटावर मिरवतेय. त्याच हाताने देवापुढे दिवा लावतेय. मला वाटलं पूजेला बांधतात तसा.
पोरगी खरंच घाबरली होती, माझ्यासाठी. तशीच खाली गेले. कचरापेटीपाशी दोरा तोडला, टाकला. ज्याची रीत त्याच्या पद्धतीने पाळावी. रंग लागलाय मनगटाला. जाईल.

१३ मार्च, गुरुवार
ह्यांना सांगितलं. हसले. "एकोणीस वर्षं राहून दोरा कुठे टाकायचा ते कळलं नाही तुला. मग राहायचं कशाला इथं?"
चेष्टेत म्हणाले. मला लागलं.
म्हटलं, "मागच्या दिवाळीत पुण्यात रिक्षावाल्यानं विचारलं, मॅडम, बाहेरून आलात का? तिथं तरी काय कळतं मला?"
"तिथं आपली माणसं आहेत."
"कोण?"
ह्यांनी नावं घेतली. तीन. त्यातली एक वहिनी गेल्या वर्षीच गेल्या. टी.व्ही. लावला.

२२ मार्च, शनिवार
साडेसहाला लिफ्टपाशी उभी राहते अजून. बटण दाबत नाही दोन मिनिटं. मूर्खपणा आहे. उद्यापासून बंद.

२८ मार्च, शुक्रवार
सू लिन घर विकतेय. आज कढीलिंबाची कुंडी घेऊन दारात. "आंटी, दिस वन युअर्स."
म्हटलं, तुझ्या आईची आहे, तुम्हाला लागेल.
"मम्मी नेव्हर ईट. शी प्लांट फॉर यू, लाह. यू डोन्ट नो, मेह?"
नव्हतं माहीत. दर वेळी विचारून दोन डहाळ्या तोडायचे मी. त्या हात हलवायच्या, घे घे. मला वाटायचं, आपण त्यांच्या कुंडीतलं नेतो, जपून न्यावं.
थँक्यू म्हटलं. दार लावलं. आमटीला फोडणी द्यायची राहिली होती.

३० मार्च, रविवार
ह्यांनी लॅपटॉपवर माझ्या परमिटच्या रिन्यूचा फॉर्म उघडून ठेवलाय. म्हणाले, माझं ठरलंय. मी जूनमध्ये जातो. तुझं तू ठरव, मी आडवा येणार नाही. आवाज चढवला असता तर सोपं गेलं असतं.
मुदत उद्या रात्री बारापर्यंत.
कुंडीला पाणी घालताना हे मागे येऊन उभे. "विमानात नाही नेता येणार ती."
"माहीत आहे."
उचलून बघितली. खालून मुळं बाहेर आलीत. कुंडी बदलायला हवी, नाहीतर टिकणार नाही. चार वाजता बाजारामागच्या रोपांच्या दुकानात गेले. बाईने दोन कुंड्या पुढे ठेवल्या. "स्मॉल ऑर बिग, आंटी?"
मोठीत रोप दहा वर्षं राहील म्हणाली.
दोन्ही हातात घेऊन बघितल्या. मग म्हटलं, उद्या येते.