परत आलेली शाल

अहो,

भाकऱ्या फडक्यात बांधून ठेवल्यात, कालवण गरम करून घ्या. मी बायजाबाईंकडे चाललेय. फोन करू नका.

सकाळी त्या जिना झाडायला आल्या आणि कालच्या सत्कारात मिळालेली शाल परत देऊ लागल्या. नातीने घडी उघडली तर आत चिठ्ठी निघाली, 'क्रिकेट सामने, काल्हेर. श्री. देवेश तरे यांस सप्रेम.' म्हणाल्या, "ताई, दादांची शाल चुकून माझ्याकडं आली. कुनाला वरडू नका."

आई अंथरुणाला खिळल्या होत्या तेव्हा बायजाबाई रोज जिना झाडून झाला की त्यांची वेणी घालून जायच्या. कुणी सांगितलं नव्हतं. काल तुम्ही सोसायटीचे चेअरमन म्हणून 'न दिसणारे हात' यावर भाषण ठोकलंत आणि खाली उतरल्यावर त्याच हातांना प्लेटा उचलायला लावल्यात. शाल तेव्हा त्यांच्या खांद्यावरच होती.

शिसारी आली मला. तुमचीही आणि माझीही, कारण कपाटातून जुनी शाल मीच काढून दिली होती.

बायजाबाईंना मी जिना झाडू न देताच घरी पाठवलंय. तुमची शाल खुर्चीवर आहे, शेजारी झाडू. चारला पाहुणे यायच्या आत चारही मजले होतील.

रुचिका