वाणाच्या वाटीतलं कार्ड

कार्ल्सरूहे, शनिवार, १७ जानेवारी २०१५

शी! अजून किळस जात नाहीये. संक्रांतीचं हळदीकुंकू माझ्या घरी, पण "या वर्षी वाण माझ्याकडून" असं शिल्पा म्हणाली, तेव्हाच ओळखायला हवं होतं. तिने नुकताच विमा विकायला सुरुवात केलीय. स्टीलच्या प्रत्येक वाटीत तिळाच्या वडीखाली तिचं व्हिजिटिंग कार्ड! बायकांना कुंकू लावता लावता ही विचारतेय, "मिस्टर कुठे असतात? परमनंट ना?" आणि वर इथल्या जर्मन बायकांसारखं "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे "अगदी बरोबर", म्हणत मान डोलावतेय. हळदीकुंकू होतं की नेटवर्किंग इव्हेंट?

मग अनघा आली. नवऱ्याची नोकरी गेल्याचं तिने सरळ सांगून टाकलं. शिल्पाने हसत हसत वडी उचलली, खालचं कार्ड काढून घेतलं आणि वाटी पुढे केली. "तुला कशाला गं उगाच त्रास!" कुंकवाच्या बोटांनी काढलं ते कार्ड, सगळ्यांच्या देखत. आणि मी? गुलाबदाणी धरून नुसती उभी. अनघा "गोड बोला" म्हणून निघून गेली.

जाताना शिल्पा म्हणाली, "तुझी वाटी ओट्यावर ठेवलीय गं. तुझ्या अजितला प्रमोशन मिळालं ना? पुढच्या वर्षीही तुझ्याकडेच करू, तुझ्याकडे चांगली माणसं येतात." आणि मी चक्क "हो, ये ना" म्हणाले!

आत्ता ओटा आवरताना वाटीतली वडी उचलली. खाली दोन कार्डं. एकावर कुंकवाचं बोट उमटलेलं.