बाजूला न बसणारं घर

सिद्धार्थनगर, कोल्हापूर
८ जुलै १९९७

आदरणीय बयाक्कास,
शालूचा सविनय जयभीम. वि. वि.

अत्यंत जड अंतःकरणानं कळवते की आमच्या मागच्या दारातलं गोणपाट गेलं. कुणी नेलं की पायांना कंटाळून स्वतःच गेलं, याचा तपास चालू आहे. ऐन पावसात पाय पुसायला गोणपाट नसणं म्हणजे काय, हे तुला कबनूरला मागांच्या चिंध्यांच्या ढिगात बसून कळायचं नाही. बाबासोंनी पेपरातून डोकं वर न काढता नवं आणू म्हणून सांगितलं. पाटबंधारे खात्यातला नवरा आणू म्हणाला की ती पंचवार्षिक योजना समजायची. माझा संशय शेजारच्या बाळाबाईवर आहे. पुरावा नाही म्हणून सध्या तिच्याकडं नुसती बघते.

अक्षताचं दहावीचं वर्ष. अभ्यास बरा आहे, पण महिन्याच्या त्या दिवसांत पोरगी पिवळी पडते. ओकते, गुडघे पोटाशी घेऊन पडते, शाळा बुडवते. गेल्या खेपेला भिंतीला डोकं घासत होती. मी ओवा दिला, गरम पाण्याची बाटली दिली, वर चार शब्दही सुनावले. सासूबाईंच्या राज्यात तर पोट दुखायला मनाईच आहे. नेसरीत लहानपणी विहिरीपासून लांब उभं राहून, कुणी वरनं पाणी ओततंय का याची वाट बघितलेली बाई. घरानं धम्म घेतला तेव्हापासून बाजूला हा शब्दच त्यांना खपत नाही. विटाळ न्हाय, शिवाशिव न्हाय, आपल्यात कुणी बाजूला बसत न्हाय, म्हणतात. अशा दिवसांत आपण पाटाच्या कामावर घमेली उचलल्याचं सांगतात आणि पोरीच्या हातात खराटा देतात.

मलाही ते पटतं, अक्का. ज्या घरातल्या बायकांनी एवढं सोसून कोपरा सोडला, तिथल्या पोरीनं पुन्हा कोपरा धरायचा म्हणजे काय? वीस तारखेला महिला मंडळात माझं याच विषयावर भाषण आहे.

दाजींना जयभीम. गोणपाटाचा निकाल कळवीनच. माया आहे तशी असू दे.

तुझी
शालू


कोल्हापूर
१५ जुलै १९९७

प्रिय मावशीस,
अक्षताचा जयभीम. वि. वि.

हे पत्र आईला कळू देऊ नकोस. मी या आठवड्यात तुझ्याकडं येऊ का? सगळं काम करीन, फक्त पहिले दोन दिवस मला पडू दे. इथं पडलं की आजी म्हणते, ऊठ, आपल्यात कोण बाजूला बसत न्हाय. मी बाजूला बसत नाही गं. मला उभंच राहता येत नाही.

माझ्या वर्गातल्या शिवानीच्या घरात अजून बाजूला बसवतात. मागच्या खोलीत वेगळी चटई, वेगळा तांब्या. ती रडते, मी काय कुत्रं आहे का म्हणते. मग मी तिला आईचं सगळं भाषण म्हणून दाखवते. पण मनात येतं, हिला तीन दिवस कुणी हाक मारत नाही. मला चालेल.

मागच्या दारातलं गोणपाट मी घेतलंय. न्हाणीमागं जळणाच्या आडोशाला ठेवलंय. गेल्या वेळी आजी बाजारला गेली की मी तिथं पडायची. दुखणं कमी होत नाही, पण तिथं न दुखल्यासारखं करावं लागत नाही. आई बाळाबाईंकडं रागानं बघते त्याचं वाईट वाटतं.

मी आईला खूप वेळा सांगितलं. ती म्हणते, सगळ्यांनाच दुखतं. सगळ्यांना एवढं दुखत असेल तर बायका चालतात कशा? तुला एवढं दुखायचं का, मावशी?

लवकर लिही. विसरू नकोस मला.

तुझी
अक्षता


कबनूर
१८ जुलै १९९७

चि. शालूस,
बयाक्काचा आशीर्वाद. तुजं पत्र पावलं.

गोणपाटाची चौकशी बंद कर आणि बाळाबाईकडं वाकडं बघू नगंस. गोणपाट गावंल. कुठं ते इचारू नगंस, मी शब्द दिलाय.

अक्षीला डाक्टरीणबाईकडं ने. ओवा बास झाला. मला दुखायचं, तुला दुखायचं, पर आपण काय भित्तीला डोस्की घासत न्हवतो. तुज्या सासूला म्हणावं, विटाळ मोडला ते झ्याक केलंसा, पर पोरीचं पॉट काय जुनी चाल हाय व्हय, मोडून टाकायला? आणि तू भाषणं मागनं दे. शाळा शिकवतीस न्हवं, जरा घरातल्या पोरीचं ऐक की.

तिला हिकडं लावून दे. रातध्याड मागाचा खडखडाट हाय, पर तिला ऊठ म्हणणारं कोण न्हाय.

रागावलीस तर रागाव. पर पत्र धाड.

तुजी अक्का


सरकारी दवाखाना, कोल्हापूर
२९ जुलै १९९७

आदरणीय बयाक्कास,
जयभीम.

तुझं पत्र सोमवारी हातात पडलं. जे व्हायचं ते रविवारी होऊन गेलं होतं.

भाषण चांगलं झालं. आमच्या घरात कुणी बाजूला बसत नाही, या वाक्याला टाळ्या पडल्या. त्याच सुमाराला सासूबाईंना न्हाणीमागं अक्षता सापडली. गोणपाटावर मुटकुळं करून पडलेली, उशाला वेगळा तांब्या. तो तांब्या बघितला आणि त्यांचं भान सुटलं. ह्याच्यासाठी का आमी मेलो, म्हणून ओरडल्या आणि दंडाला धरून तिला उठवलं. ती उठली, दोन पावलं चालली आणि कोसळली. रिक्षा बाळाबाईनं आणली. मी सत्काराचा नारळ घेऊन परतले तेव्हा घराला कुलूप होतं.

डाव्या बीजकोशात रक्त साचून गाठ झाली होती, ती फुटली. ऑपरेशन झालं. गाठ काढली, तो बीजकोशही गेला. दुसरा शाबूत आहे. दुखणं यापुढंही राहील, गोळ्या नेमानं द्या, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आणि दुखतंय म्हणाली की खरं माना. हे शेवटचं त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं नाही, माझ्याकडं बघून सांगितलं.

ती शुद्धीवर आली तेव्हा नर्सनं विचारलं, किती दुखतंय बाळ? अक्का, पोरीनं आधी माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, नाही दुखत. टाके ओले होते. ओठ दातांत धरला होता.

सासूबाई दिवसभर व्हरांड्यात बसतात, आत येत नाहीत. म्हणतात, मला पोरगी दिसलीच न्हाय गं, ती विहीरच दिसली. बाबासो पेपर आणतात आणि घडी न मोडता खिडकीत ठेवतात. मला टोमणे सुचत नाहीत, यावरून काय ते ओळख.

सवडीनं ये. नाही जमलं तर नुसती आठवण ठेव.

शालू


कोल्हापूर
२४ ऑगस्ट १९९७

आदरणीय बयाक्कास,
जयभीम. वि. वि.

आज अक्षताचा पहिला दिवस. सकाळीच सासूबाईंनी आपली वाकळ आणून बाहेरच्या खोलीत मधोमध अंथरली, पंख्याखाली. येणाऱ्या-जाणाऱ्यानं वळसा घालून जायचं. गॅसवाला आला, तोही सिलिंडर घेऊन वळसा घालून गेला. अक्षताला झोपवून स्वतः तिच्या पायथ्याशी बसल्या.

मी गोळी दिली, विचारलं, दुखतंय का. नाही म्हणाली. घरी आल्यापासून हेच चाललंय. नाही आई, अजिबात नाही. दारात आलेल्या परक्या बाईला सांगावं इतक्या सभ्यपणे सांगते. मला वाटलं होतं, एवढं झाल्यावर गळ्यात पडून रडेल, मला बोल लावेल. काही नाही. माझा चहा वेळेवर देते.

तुला एक लिहायचं राहिलं होतं. त्या रविवारी सकाळच्या भाकरी माझ्या वाटणीच्या होत्या. भाषणाला जायचं म्हणून साडी नेसत होते, निऱ्या मनासारख्या येईनात, तर तिला म्हटलं, तेवढ्या थापून टाक. तिनं ओट्याला टेकत टेकत सगळ्या थापल्या, झाकून ठेवल्या, आणि मग न्हाणीमागं गेली.

संध्याकाळच्या तिच्या वाटणीच्या. आत्ता सवयीनं उठून आली आणि परात घेतली. मी तिच्या हातातली परात काढून घेतली.  ती जाऊन परत आडवी झाली. पीठ मळत असताना तिचा आवाज कानावर आला. आजीला सांगत होती, आजी, लई दुखतंय गं. सासूबाई म्हणाल्या, व्हय बाळा, दुखतंय की.

मला सांगितलं नाही. दोन खोल्यांचं घर आहे म्हणून कळलं.

तवा तापेपर्यंत एवढं लिहून झालं. आता तिच्या भाकरी थापते. माया असू दे, अक्का. थोडी जास्तच असू दे.

तुझी
शालू