छत्तिसावा फोटो

आये, डीपी म्हणजे काय, हे आधी तुला नीट समजावून सांगतो. ते कळल्याशिवाय पुढचं काहीच उलगडायचं नाही. आता प्रत्येकाच्या खिशात एक फोन असतो आणि त्या फोनमध्ये प्रत्येक माणसाच्या नावाशेजारी एक गोल दिसतो, शर्टाच्या बटणापेक्षा जरासा मोठा. त्या गोलात ज्याने त्याने आपल्या पसंतीचं चित्र लावायचं, त्याला डीपी म्हणतात. दारावरच्या पाटीसारखंच, पण पाटीवर नाव लिहावं लागतं, इथे कसलीच सक्ती नाही. त्यामुळे माणूस काय लावतो, ते पाहण्यात मोठी मौज असते. निवृत्त झालो तरी माझी निरीक्षणाची खोड गेलेली नाही. कोणी स्वतःचा चेहरा लावतो, कोणी नातवंडाचा. पेणची आपली माणसं श्रावण लागला की गणपतीच्या कारखान्यातल्या न रंगवलेल्या मूर्ती लावतात. मी आजवर तीनच चित्रं आलटून पालटून लावत आलो. तिन्ही एकाच रोलमधली आहेत. तो रोल तुझ्यासमोर भरला, तुझ्यासमोर बराचसा संपला, म्हणून त्या तीन चित्रांचा अर्थ विचारण्याचा पहिला हक्क तुझा.

पहिलं चित्र मिठाच्या राशीचं. शुभ्र, टोकदार, मागे निळं आकाश. माझे जुने विद्यार्थी विचारतात, "सर, हिमालयात कधी गेला होतात?" मी त्यांना उत्साहाने सांगतो की हा हिमालय वडखळपासून चालत पाऊण तासावर होता आणि माझी आई तो डोक्यावरून वाहून आणून दर वर्षी नव्याने रचायची. मग मी त्यांना सगळी प्रक्रिया समजावतो: उधाणाचं पाणी आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात फिरवत घट्ट करायचं, शेवटच्या वाफ्यात दाणा धरला की लाकडी फावड्याने ओढून बांधावर काढायचं, निथळलं की टोपलीने राशीवर. हे सगळं मला तूच शिकवलंस, पण रोह्याच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागल्यावर मी ते जणू स्वतःच शोधून काढल्यासारखं सांगू लागलो होतो. नव्वदच्या दशकातली पहिली काही वर्षं ती. शाळेच्या प्रदर्शनात 'मीठ कसे तयार होते' असा तक्ता मांडायचा ठरला, शाळेचा कॅमेरा माझ्या हवाली झाला, आणि छत्तीस फोटोंचा एक रोल. मी वहीत छत्तीस ओळी आखल्या. पहिल्या बत्तीस ओळी मिठागराच्या, शेवटच्या चार उद्घाटनाला येणाऱ्या पाहुण्यांच्या. कोणता फोटो कोणत्या वेळी, कोणत्या दिशेने, ऊन कुठे असताना, सगळं लिहिलेलं.

दुसरं चित्र तुझ्या टाचेचं. बांधावर रोवलेला उजवा पाय, चिखल वाळून पांढरा पडलेला, आणि भेगांमध्ये मिठाचे दाणे अडकून चमकणारे. लोकांना तो नकाशा वाटतो. रोल घेऊन मी घरी आलो त्या रविवारी तू दिवसभर माझ्या सांगण्याप्रमाणे काम करतेस. मी म्हणतो, "आये, फावडं तसंच धर," की तू धरतेस. "टोपली अर्धीच उचल," की तू वाकलेल्या कमरेने अर्ध्यावर थांबतेस आणि म्हणतेस, "लवकर कर रं, मीठ नाय म्हनत मना, थांब म्हनून." बाजूच्या वाफ्यातली काकू हसते, "काय गो, पोरानं शिनेमात घेतलान वाटतं तुला." तू म्हणतेस, "शिनेमात नाय, शालंत. शालंत तोंड नाय लागत, नुसतं हातपाय लागतात." तुझ्या नजरेतून काही सुटत नसे. बत्तीस फोटोंमध्ये तुझे हात आहेत, टाच आहे, टोपलीचा काठ आहे, वाफ्याच्या पाण्यावर पडलेली सावली आहे. चेहरा एकातही नाही. तक्ता प्रक्रियेचा होता, व्यक्तीचा नव्हता. असं मी तुला पटवून दिलं होतं आणि तू मान डोलावली होतीस.

संध्याकाळी घरी आल्यावर तू अंघोळ केलीस, ट्रंकेतलं ते हिरवं लुगडं नेसलीस, केसांना तेल लावलंस आणि आतल्या खोलीत बाबांच्या फोटोखाली येऊन उभी राहिलीस. बाबांचा तो फोटो त्यांच्या कंपनीच्या पासावरून मोठा करून घेतलेला होता. त्याच्या शेजारी भिंतीत एक नवा खिळा होता. मी तो तोवर पाहिला नव्हता.

"आता माजा येक काढ," तू म्हणालीस. "यांच्या बाजूला खिला मारलाय मी. मेल्यावर पोरं फोटो शोधत फिरतात, त्यापेक्षा आताच लावून ठेवीन. माज्या डोल्यांनी मनाच बघाया मिलंल."

मी वही काढली. तुला दाखवली. बत्तीस संपले, चार राखीव, मुख्याध्यापकांचा शब्द, पाहुणे वगैरे. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "चारातला येक काढलास तं पावना काय रडनार हाय?" मी वही मिटली. माझ्याजवळ एक युक्ती होती. ती मला रोह्यातल्या एका स्टुडिओवाल्याने शिकवली होती. तो म्हणायचा, "सर, लग्नात सगळ्यांनाच फोटो पायजे, रोल मात्र तेवढाच. मग निम्म्या पावण्यांना आम्ही नुसता उजेड देतो." कॅमेऱ्यावर बसवायच्या फ्लॅशच्या पाठीमागे एक लहान बटण असतं, त्याच्याजवळ एक बारीक दिवा. आत वीज साठून दिवा नारिंगी झाला की बटण दाबायचं. लखकन उजेड पडतो, कॅमेरा मात्र जागचा हलत नाही, रोल पुढे सरकत नाही. समोरच्याला वाटतं, निघाला फोटो. मी कॅमेरा डोळ्यासमोर धरला, दिवा पेटला, बटण दाबलं. आये, मी तुला नुसता उजेड दिला.

तू म्हणालीस, "या टायमाला खट् वाजलं नाय रं?" दिवसभर तू तो आवाज बत्तीस वेळा ऐकला होतास. मी तत्काळ सांगितलं की फ्लॅश लावला की आवाज दबतो, आणि त्याचं कारणही दिलं, चांगली दोन-तीन वाक्यं. आयुष्यात मी हजारो गोष्टींची कारणं मुलांना दिली. तेवढं एकच कारण मी जागच्या जागी रचलं. तुला ते लगेच पटलं. "आनि डोलं मिटलं काय मी? उजेड जोरात आला." मी म्हणालो, "नाही ग. उघडे होते. छान आलीस." तू हसलीस आणि लुगडं बदलायला गेलीस.

आता तिसरं चित्र. ते शाळेच्या सायकलस्टँडचं आहे. आठ-नऊ सायकली, त्यातली एक आडवी पडलेली, मागे पाण्याची टाकी. प्रदर्शनाला पाहुणे आले, त्यांनी फीत कापली, तक्ता पाहिला, मान हलवली. तीन फोटो झाले आणि चौथ्याची वेळ यायच्या आत त्यांची गाडी निघून गेली. एक फोटो शिल्लक राहिला. रोल संपल्याशिवाय धुवायला देता येत नसे आणि मला निकाल पाहण्याची घाई होती, म्हणून मी शाळेच्या पायरीवर उभा राहून समोर जे होतं त्याच्यावर कॅमेरा रोखला आणि खटका दाबला. रोल संपवण्यासाठी सगळेच असं काहीतरी काढत. वहीतल्या छत्तिसाव्या ओळीसमोर मी लिहिलं, 'सायकली, निरुपयोगी'. त्या क्षणी मला तुझी आठवण झाली नाही, हे मला लपवता येत नाही. ती झाली पुढच्या शनिवारी, पेणच्या एसटीत बसल्यावर, आणि नागोठण्यापर्यंत मी स्वतःची समजूतही घातली होती.

त्यानंतर मी घरी आलो की तुझा पहिला प्रश्न तोच. "फोटो आला काय?" मी म्हणे, "धुवायला दिलाय." तू म्हणायचीस, "अजून धुतात? माज्या गोधड्या धुवून, वालवून, पुन्ना मलल्या." पावसाळ्यात एकदा तू तोच प्रश्न विचारलास आणि मी कंटाळून, विषय कायमचा मिटावा म्हणून सांगितलं, "आये, तो काळा आला." तू पाटावर बसून भाकरी थापत होतीस. हात थांबले नाहीत. तू म्हणालीस, "मंग बरोबर हाय. जलमभर उनात रापलेली मी. मशीन तरी काय करंल बिचारी."

इथे मी सत्य सांगायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. त्याऐवजी मी तुला शिकवायला बसलो: काळा येण्याचा रंगाशी संबंध नसतो, फिल्मवर पुरेसा प्रकाश पडला नाही की असं होतं. चुलीतला कोळसा घेऊन जमिनीवर आकृतीही काढली. तू कौतुकाने पाहिलंस, जशी नेहमी पाहायचीस, आणि आकृती पुरी झाल्यावर म्हणालीस, "म्हंजे माज्यावर परकास पडत नाय. तेच तं बोलतंय मी." मी हसलो. तूही हसलीस. भाकरी उलटली.

दिवाळीत मी नवा रोल घेऊन आलो, तुझा फोटो पहिलाच काढायचा असं वहीत लिहून. तू परसात निघून गेलीस. "नको बाला, रोल फुकट जाईल तुजा." मतदार ओळखपत्रासाठी फोटो काढणारी माणसं गावच्या शाळेत आली, सगळी आळी रांगेत उभी राहिली, तू गेली नाहीस. "माजा चेरा मशीनला धरत नाय," असं तू सांगून टाकलंस आणि कोणी आग्रह केला नाही. तुझ्या धाकटीच्या लग्नात फोटोवाला मंडपात फिरत होता. काकू ओरडली, "ये गो, पोरीच्या बाजूला हुबी ऱ्हा!" तू लांबूनच म्हणालीस, "जा गो, पोरीचा पन काला व्हईल." मांडवातली बायकामाणसं खळखळून हसली. मी तिथेच पंगतीत वाढत होतो, हातात वरणाची बादली होती, आणि मी ऐकलं. त्या अल्बममध्ये एका फोटोच्या कडेला तुझ्या हिरव्या लुगड्याचा काठ आहे, बस. नव्वदचं दशक सरता सरता तू गेलीस. बाबांच्या शेजारच्या खिळ्यावर तेव्हा रेशनची पिशवी लटकत होती. तूच लटकवली होतीस.

म्हणून सायकलस्टँड, आये. आता वर्षातून एक दिवस असा येतो की सगळे जण डीपीला आपापल्या आईचा फोटो लावतात. त्या दिवशी मी सायकली लावतो. तुझ्या जागेवर मी ज्याचा फोटो काढला, ते हेच. लोक विचारतात आणि मी, ज्याला प्रत्येक गोष्ट समजावून सांगायची हौस, तो म्हणतो, "असंच."

या वर्षी धाकटीच्या मुलीने मला सोडलं नाही. "मामा, आज मदर्स डे आहे, सायकली कसल्या लावतोस?" मग म्हणाली की आता कॉम्प्युटरला नुसतं वर्णन लिहून दिलं तरी तो माणसाचा चेहरा काढून देतो. आजीचा काढू, फ्रेम करू, तुझ्या डीपीला लावू, त्या खिळ्याला लावू. "तू लिही, मामा. तुझ्याइतकं पद्धतशीर कोणाला जमणार?" मी उत्साहाने बसलो. कपाळ, भुवयांमधलं गोंदण, नाकाची ठेवण, डाव्या गालावरचा तीळ, समोरचा अर्धा तुटलेला दात. क्रमवार सगळं लिहिलं. रोजची तू मला अजून लख्ख दिसतेस. पण तिला फोटोतला चेहरा हवा आहे, तू स्वतः भिंतीसाठी ठरवलेला. तोंड मिटलेलं की हसरं, मान ताठ की कललेली, नजर कुठे. असा चेहरा तू आयुष्यात एकदाच केलास, त्या संध्याकाळी, हिरव्या लुगड्यात, आणि तो पाहायला खोलीत माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

भाचीचा निरोप आला आहे, "बाकी सगळं मिळालं. डोळे राहिले." तिला काय लिहायचं ते मला सुचलं नाही, म्हणून तुला लिहायला बसलो. हे तिला पाठवणार नाही, आणि तुला तर कसं पाठवणार. पण तू विचारलं होतंस, डोळे मिटले का, आणि मी नाही म्हणालो होतो. मला माहीत नाही, आये. मी तुझ्याकडे पाहतच नव्हतो. दिवा नारिंगी कधी होतो, तेवढंच पाहत होतो.