सायरन वाजला की बाहेर

७ जानेवारी, बुधवार

आज विहंगला स्टेपलर फेकून मारणार होते. जया मॅडम मध्ये आल्या म्हणून वाचला. 'दीप्ती, तू फक्त स्लाइड बनव, बोलायचं मी बघतो' — मला म्हणतो! बीबीएच्या तिसऱ्या वर्षाला आंतरराष्ट्रीय व्यवसाय हा विषय मी त्याच्या दुप्पट घोटलाय. त्याच्या वडिलांचं लकडगंजला सागवानाचं दुकान आहे, म्हणून त्याला वाटतं धंदा रक्तातच असतो.

सगळ्या कॉलेजांची स्पर्धा आहे. प्रश्न असा — तुम्ही एका बहुराष्ट्रीय कंपनीचे प्रमुख आहात, परदेशातला एक कारखाना बंद करायचाय, कामगार आत ठाण मांडून बसतील अशी भीती आहे. कमीत कमी मारामारीत कसा बंद कराल? आणि परीक्षक कोण, तर बाबांच्या कंपनीचे एचआर हेड, मुकुंद सर! सावनेर रोडवरचा रंगाचा कारखाना, हेडऑफिस युरोपात. बाबा तिथे मिक्सिंगला आहेत, माझ्या जन्माच्या आधीपासून. म्हणजे आता जिंकायचंच. प्रेमानंदची पोरगी काय चीज आहे ते त्या माणसाला दिसू दे.

मॅडम म्हणाल्या, हा राग विहंगवर नको, प्रेझेंटेशनमध्ये काढ.

११ जानेवारी, रविवार

बाबा मटण आणायलाही ती निळी टोपी घालून जातात. हेडऑफिसने पाठवलेली. जगात कंपनीचे जितके कारखाने आहेत त्यांत सायरन वाजल्यावर सगळ्यात लवकर रिकामा होतो तो आपला, म्हणून टोपी. आज जेवताना पुन्हा तेच सुरू. "सायरन वाजला का हातातली चहाची बशी बी तिथंच ठेवाची. डबा नाही घ्याचा, चप्पल नाही शोधाची. सिध्धं गेटच्या बाहेर, कडुलिंबाखाली. बाप मेला तरी मागं पाहाचं नाही." आई म्हणाली, "बाप जेवून तर घेऊ दे." नवीन पोरांना हे बाबाच शिकवतात. त्यांच्या हाताखालचा एक पोरगा पहिल्या ड्रिलला हसत उभा राहिला, तर बाबांनी त्याच्या कानाखाली काढली होती.

मी नळीचं हाड चोखत होते आणि एकदम डोक्यात लख्ख झालं. कोणाला ओढायला नको. पोलीस नकोत. ते आपणहून बाहेर येतील!

१६ जानेवारी, शुक्रवार

जिंकलो!!

बाकीच्यांनी भरपाई, समुपदेशन, पुनर्वसन असलं गुळगुळीत सांगितलं. मी उभी राहिले आणि म्हणाले, सायरन वाजवा. सुरक्षेची शिस्त तुम्हीच त्यांना लावली आहे, ती वापरा. सगळे बाहेर आले की गेट लावा. हॉलमध्ये आधी हशा, मग टाळ्या. मुकुंद सरांनी विचारलं, वेळ कुठली निवडशील? मी म्हणाले, जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी. डबे आत राहतील. उपाशी माणूस फार वेळ भांडत नाही. हे कुठून सुचलं देव जाणे, पण सुचलं. सर शेजारच्या परीक्षकाला म्हणाले, "या मुलीला धंदा कळतो."

ट्रॉफी म्हणजे काचेचा पृथ्वीचा गोळा. चांगला जड आहे.

१७ जानेवारी, शनिवार

बाबांनी गल्लीत पेढे वाटले. गोळा टीव्हीवर, बाबासाहेबांच्या फोटोशेजारी. "आमच्या साहेबानं दिला माह्या पोरीले." नेमकं काय बोलून मिळाला हे त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

सगळं लिहिणार.

दुपारी बाबांचा फोन. मागे आरडाओरडा. "सायरन वाजला, आम्ही बाहेर आलो, तं गेट लावून घेतलं वं. डबे आतच राहिले आमचे." डबे! हा तर माझा शब्द. ॲक्टिवा काढली आणि सुटले.

गेटवर इंग्रजी नोटीस, हेडऑफिसच्या सहीची. कारखाना अनिश्चित काळासाठी बंद. आत काळ्या टी-शर्टवाले बाउन्सर ओळीने उभे. बाहेर बाबा आणि त्यांची सगळी माणसं, काहीजण अनवाणी, हात रंगाने माखलेले. ती कडुलिंबाखाली अजून रांगेतच उभी होती! ड्रिलसारखी! गेट उघडेल म्हणून वाट बघत. मग कोणीतरी पहिला दगड मारला आणि रांग गेटवर जाऊन आदळली.

बाउन्सरांनी गजांमधून काठ्या खुपसल्या. बाबा पुढे होते. काठीचं टोक कपाळावर बसलं, रक्त डोळ्यात उतरलं, तरी हटेनात. एक बाउन्सर गेटवर चढून खाली पाहत हसला. बाबांनी कोणाचं तरी हेल्मेट हिसकलं आणि त्याच्या तोंडावर फेकून हाणलं. दात तुटल्याचा आवाज मी ऐकला. माझे बाबा, ज्यांना घरी झुरळसुद्धा मारवत नाही. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं.

मग पोलीस. लाठी कोणावर पडते ते कोणी बघत नव्हतं. माझ्या पाठीवर एक बसली, श्वासच गेला. एक म्हातारे काका खाली पडले, त्यांच्या बोटांवरून बूट गेले. बाबांना ऑटोत घालून मेयो हॉस्पिटलला नेलं. रस्ताभर एकच — "ड्रिल होती ना गा? ड्रिलच होती ना?" ऑटोवाल्याला विचारत होते.

आपलेच दात, आपलेच ओठ.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

विहंग कॅन्टीनमध्ये मोबाइल नाचवत आला. "अबे, आपली केस लाइव्ह झाली! सरनं एकदम तशीच मारली, जेवणाच्या आधी!" मी त्याच्या नाकावर बुक्का मारला. मग दुसरा. तर्रीपोह्याची बशी त्याच्या अंगावर, रक्त कुठलं आणि तर्री कुठली कळेना. "काहून मारून राहिली वं? जीत के तो आये थे!" रडत होता. त्याचं तरी काय चुकलं? आम्ही वर्गात नेहमी कंपनीच असतो. तीन वर्षांत एकही केस अशी आली नाही, की तुम्ही कामगार आहात, सांगा.

मॅडमनी मला ओढत स्टाफरूममध्ये नेलं. ड्रिलचं कुठून कळलं तुला, म्हणाल्या. बाबांकडून, म्हटलं. त्या डस्टर झटकायला लागल्या. शेवटी म्हणाल्या, "तुझ्या त्या उत्तराला मी दहापैकी दहा दिले होते गं."

१५ फेब्रुवारी, रविवार

बाबांना सांगितलं. सगळं. डब्यांचंसुद्धा.

"म्हणजे मीच शिकवलं तुले," ते म्हणाले. मग उठले आणि मला मारलं. आयुष्यात पहिल्यांदा. इतक्या जोरात की मी पलंगावर आपटले आणि त्यांच्या कपाळाचे टाके उसवले. आई एका हाताने त्यांच्या कपाळावर टॉवेल दाबत होती, दुसऱ्या हाताने मला मागे ढकलत होती. "दोघं बी मरा," म्हणाली, "मी एकटी राहतो."

बाबांनी टोपी चुलीत घातली असती, पण चूल कुठे आहे. गॅसवर धरली. घरभर जळक्या प्लास्टिकचा वास.

त्यांनी मला माफ नाही केलं तर मी काय करू?

२४ फेब्रुवारी, मंगळवार

कारखान्याच्या गेटसमोर धरणं चालू आहे, तिथेच काचेचा गोळा मुकुंद सरांच्या गाडीच्या काचेवर मारला. नेम बरोबर बसला. आतून ते ओळखून म्हणाले, "तूच ना ती?" मी म्हणाले, हो, मीच ती. धरण्यावरच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. पोलिसांनी नेलं, संध्याकाळी सोडलं. न्यायला बाबा आले होते. वाटेत थांबून उसाचा रस पाजला.

६ मार्च, शुक्रवार

समेट झाला! सोमवारपासून गेट उघडणार. सगळ्यांना आत घेणार. बातम्या आल्या, हेडऑफिसची जगभर छी थू झाली, म्हणून.

बाबांनी कडुलिंबाखाली सगळ्यांचे हात हातावर ठेवून शपथ घेतली. "आता सायरन वाजो का बँड वाजो, जाग्यावरून हलाचं नाही. जो हलला त्याची टांग मी तोडतो."

१० मार्च, मंगळवार

ड्रिल झाली. सायरन कोकलत राहिला, एकही माणूस उठला नाही. सुपरवायझरने ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. एक नवीन पोरगा दाराकडे पळाला, तर बाबांनी कॉलर धरून परत आणलं. जेवताना सांगत होते, मी ठसका लागेपर्यंत हसले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "सांग तुह्या मॅडमले, आता याचं उत्तर काढा म्हणा." महिनाभरात पहिल्यांदा माझ्याशी नीट बोलले. माझ्या ताटात स्वतःच्या हाताने भात वाढला.

आई हसली नाही.

१८ मार्च, बुधवार

दुपारी मिक्सिंगच्या मागच्या गोदामाला खरंच आग लागली. सायरन वाजला. गेट सताड उघडं होतं. धूर आत शिरेपर्यंत बाबांनी एकालाही जागचं हलू दिलं नाही. बाबा मशीनजवळ सापडले.

बातमी कळताच धावत आलो, तर कडुलिंबाखाली आम्ही बायकाच उभ्या होतो.